कॅसेटच्या दुसऱ्या बाजूवर

आई, तू दर शुक्रवारी महाडच्या स्टँडवर जाऊन बसायचीस, ते मला माफ करून की न करता? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, उत्तरं कशी लिहायची ते मुलांना शिकवते, आणि हा एक प्रश्न गेलं वर्षभर माझ्यासमोर तसाच पडून आहे. तुला पत्र लिहिण्यातही तसा अर्थ नाही. तुला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि तू असतीस तरी हे तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. तुला आलेलं सगळं मीच वाचायचे, मीच ऐकवायचे. घरात शिकलेली मी एकटी. तिथेच सगळं बिघडलं.

तू कुवेतला कामाला गेलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आपण नाते गावाजवळ मामाच्या घरी राहत होतो. तिथून तू पहिल्या वर्षी कोणाबरोबर तरी टू-इन-वन पाठवलास, रेडिओ आणि टेप एकत्र. मामाने तो देव्हाऱ्याच्या बाजूला ठेवला आणि त्याच्यावर भजनं लावायला लागला. मग लढाई लागली. तू परत आलीस ते साडेतीन महिन्यांनी, एका पिशवीनिशी. मामीने तुला घरात घेतलं नाही; आधी मागच्या दारी पाणी काढून अंघोळ करायला लावली, मयतावरून आलेल्या माणसाला लावतात तशी. तू केलीस. मी दाराच्या फटीतून बघत होते. तुझ्या पाठीची हाडं मोजता येत होती. बाहेर आल्यावर मी तुला पहिली विचारलेली गोष्ट आठवते का? मी विचारलं, माझ्यासाठी काय आणलंस. तू पिशवीतून एक पांढरं जाड कापड काढलंस. पिठाची गोणी होती, तिच्यावर निळी अरबी अक्षरं छापलेली. त्याचं तू मला दप्तर शिवून दिलंस. मी ते उलटं करून घेतलं, अक्षरं आतल्या बाजूला. तू बघितलंस आणि उलट्या बाजूने पुन्हा शिवण घालून दिलीस.

आम्हाला ठाऊक होतं ते एवढंच. मालक-मालकीण उन्हाळ्यात परदेशी गेलेले, जाताना घराला बाहेरून कुलूप लावून तुला आत ठेवून गेलेले. परक्या सैनिकांनी दार फोडलं. त्या गल्लीतल्या सात कामवाल्या बायका त्यांनी गोळा केल्या आणि मुलींच्या एका शाळेत कोंडल्या. अडीच महिने तुम्ही तिथे त्यांच्यासाठी रांधलंत, त्यांचे कपडे धुतलेत. मग एक दिवस तुम्हाला बसमध्ये घातलं, वाळवंटातल्या तंबूंत ठेवलं आणि विमानाने मुंबईला आणलं. यापुढचं तू सांगितलं नाहीस, आणि गावाने ते स्वतःच्या मनाने भरून घेतलं. विहिरीवर बायका तुझ्यासाठी जागा करायच्या, जरा जास्तच जागा करायच्या. "लढाईतली" हे तुझं नावच पडलं. शाळेत मला विचारायचे, तू लढाईतलीची ना गो? तिथे खायला काय मिळत होतं, झोपायला काय होतं, हे तुला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढच्या मे महिन्यात ते आले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तूही कधी घेतलं नाहीस. मी ओटीवर आंबे निवडत होते. पांढरा सदरा घातलेला एक उंच माणूस अंगणात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई हाय का गो घरात? तू तिचीच ना? नाकावरनं कळतंय." त्यांच्या हातात वर्तमानपत्रात बांधलेली नानकटाई होती. तू बाहेर आलीस आणि दाराशीच थांबलीस. मग आत जाऊन तुझ्या पेल्यातून त्यांना पाणी आणलंस. तेवढ्यात मामा परसातून आला.

"कोण रे तू?"

"कुवेतला एका जागी व्हतो आमी."

"एका जागी म्हंजे?"

"कोंडलेले, दादा. एका जागी कोंडलेले."

मामा हसला. "मग सुटल्यावर ज्याने त्याने आपापल्या घरी जायचं असतं." त्याने त्यांचं नाव विचारलं, गाव विचारलं, सावित्री नदीच्या पलीकडचं गाव ऐकल्यावर आणखी काही विचारलं नाही. ते पाणी पिऊन गेले. मामाने मामीला सांगितलं, हा पेला आता गोठ्यात ठेव. नानकटाई मात्र आम्ही सगळ्यांनी खाल्ली, मामानेही. त्यानंतर तू गोठ्यात जाऊन त्याच पेल्यातून पाणी प्यायचीस. मला वाटायचं, तू रागाने तसं करतेस. दीड वर्षाने तो डिसेंबर आला, मुंबई पेटली, आणि घरात त्या माणसाचा विषय निघाला तर मामा वेगळ्याच आवाजात बोलायला लागला. तोवर ते मस्कतला गेले होते, तिथल्या बेकरीत.

मी दहावीत असताना वरंधची मावशी आली. तुझ्याबरोबर त्या शाळेत होती ती. वर्षातून एकदा यायची. तुम्ही दोघी परसात बसायचात. त्या वेळी तिने तांदळाच्या पिशवीतून एक कॅसेट काढली. आपल्याकडे आखातातली माणसं पत्रं लिहीत नसत, कॅसेट भरून पाठवत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ती ऐकता येई, आणि उत्तर त्याच कॅसेटवर भरून परत जाई. मावशी दुसऱ्या दिवशी मुलाकडे मुंबईला राहायला गेली. मामा शेतावर होता, मामी माहेरी. तू मला म्हणालीस, "बाय, लाव गो ही." तुला बटणं कळत नव्हती.

पहिल्या बाजूला ते सावकाश बोलत होते, मागे कुठेतरी भांड्यांचा आवाज. म्हणाले, बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा मोठा झाला. म्हणाले, "हिकडच्या पावाला तसा वास नाय. तिथं भट्टीला तू फुंकर घालायचीस, राख माझ्या डोळ्यांत जायची, आन् मी बोलायचो, बाई, आगीला घाल, मला नको. आठवतंय?" तू पदर तोंडावर धरलास. तू हसत होतीस, आई. मी तुला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं आणि ते मला सहन झालं नाही. मी पंधरा वर्षांची होते, तू अडतीसची. मला ते हसू माझ्यापासून चोरलेलं वाटलं. बाजू संपता संपता ते म्हणाले, "आता खरं बोलायचं ते मागच्या बाजूला हाय. पलटी कर." मी पलटणार तेवढ्यात मामाचं खाकरणं ऐकू आलं आणि तू घाईने म्हणालीस, "बंद कर, बंद कर. उद्या ऐकू."

दुसऱ्या दिवशी तू लावणीला गेलीस. आठवड्यावर तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती, आणि आमच्या सरांनी सांगितलं होतं की आपलं भाषण टेप करून स्वतः ऐका म्हणजे चुका कळतात. घरात कोरी कॅसेट नव्हती, मामाच्या भजनांना हात लावायची सोय नव्हती. हे सगळं खरं आहे आणि यातलं काहीच कारण नाही. मी कॅसेट पलटली. ऐकली नाही, ऐकली असती तर मला पुसता आली नसती, हे मला पंधराव्या वर्षीही कळत होतं. दोन बटणं एकदम दाबली आणि भाषण सुरू केलं. सात मिनिटं. विषय होता समता. आपल्या महाडच्या तळ्यावर माणसांनी पाण्यासाठी काय सोसलं ते मी इतक्या तळमळीने बोलले की शेवटी माझा मलाच हुंदका आला. तो हुंदका पण त्यात आहे. ज्या माणसाचा पेला आम्ही गोठ्यात ठेवला त्याच्या आवाजावर मी पाण्याचं भाषण भरलं, आणि त्या वेळी ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

संध्याकाळी तू हात धुऊन माझ्याशेजारी येऊन बसलीस. "लाव गो मागची बाजू." मी म्हटलं, मागची बाजू कोरीच होती, म्हणून मी माझं भाषण भरलं. तू विचारलंस, "कोरी व्हती?" मी म्हटलं, "हो, कोरीच." तू ओले हात पदराला पुसलेस. मग म्हणालीस, "भाषणच लाव मग."

मला दुसरं बक्षीस मिळालं. काही दिवसांनी तू मला म्हणालीस, बटणं कशी दाबायची ते दाखव. मला आनंद झाला. आई काहीतरी शिकतेय, असं मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. मी शाळेत आणि मग कॉलेजात गेल्यावर दुपारी तू ते भाषण लावायचीस. शेजारची काकी थट्टा करायची, "पुन्ना लेकीचं भाषण? पाठ झालं असंल गो तुला आता, तूच जा पुढच्या वर्षी बक्षीस घ्यायला." एकदा तू मला म्हणालीस, "तुझं भाषण चांगलं हाय. लांब नाय फार, तेच बरं." मी दुखावले. मला वाटलं, आईला कंटाळा येतो.

आणि त्याच सुमारास तुझे शुक्रवार सुरू झाले. सकाळची एसटी पकडून तू महाडला जायचीस आणि संध्याकाळच्या गाडीने यायचीस. हातात कधी सुकट, कधी बांगड्या, कधी काहीच नाही. मी फणकारायचे. "तासाभराच्या बाजाराला दिवस कशाला लागतो? लोक बोलतात, आई." तू म्हणायचीस, "बोलू दे. बोलायचं ते बोलून झालंय त्यांचं." एकदा मी कॉलेजमधून लवकर सुटले तेव्हा तू मला स्टँडवर दिसलीस. गाड्या लागतात तिथल्या बाकावर, पदर नीट घेतलेला, पिशवी मांडीवर. प्रत्येक गाडीतून उतरणारी माणसं तू बघत होतीस. मी मैत्रिणींबरोबर होते, म्हणून मी दुसऱ्या बाजूने निघून गेले. त्या पावसाळ्यात तुला ताप आला आणि सहा दिवसांत तू गेलीस. सहाव्या दिवशी शुक्रवार होता. तू मला विचारलंस, "आज गाड्या चालू हायत काय?" मी म्हटलं, घाटात दरड आलीय, बंद आहेत. तुला बरं वाटल्यासारखं झालं.

मी आता पोलादपूरजवळच्या शाळेत शिकवते. गेल्या वर्षी मुलांना स्पर्धेसाठी तयार करत होते. भाषणात आवाज कसा चढवायचा ते दाखवावं म्हणून मी ती कॅसेट घरातून नेली. हो, मला अभिमान होता तिचा. आठवीच्या वर्गात शाळेचा टेप लावला. सात मिनिटं मुलं शहाण्यासारखी बसली, हुंदक्याला दोघीतिघींनी डोळे पुसले, मग टाळ्या झाल्या. मी नमस्कार केला आणि टेप बंद करायला वळले. नेहमी मी भाषण संपलं की लगेच बंद करायचे. त्या दिवशी टाळ्यांमुळे उशीर झाला. खट्ट झालं, आणि त्यांचा आवाज आला. "...ष्टँडवर बसंन शुक्रवारी. नाय आलीस तरी राग नाय गो माझा." मग नुसती खरखर. वर्ग हसला. "बाई, कोण बोलला हो? कोण बसलाय ष्टँडवर?" मी काहीतरी सांगितलं आणि खडू आणायला म्हणून बाहेर गेले.

त्यांचं बोलणं माझ्या भाषणापेक्षा तेवढंच लांब होतं. तेवढंच उरलं, आणि तेवढंच तू तीन वर्षं ऐकलंस. कुठला स्टँड आणि कुठला शुक्रवार, ते माझ्या समतेखाली गेलं. मी खोटं बोलले हे तू बटणं शिकलीस त्याच दिवशी तुला कळलं असणार. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस, आणि सगळे शुक्रवार धरलेस.

वरंधची मावशी मुंबईहून परत आली होती. मी तिच्याकडे गेले आणि तिने मला कुवेतच्या त्या शाळेचं सगळं सांगितलं, तांदूळ पाखडत, माझ्याकडे न बघता. सातपैकी एकीला एका संध्याकाळी बोलावून नेलं. ती सकाळी आली ती पुढे बोललीच नाही. दुसरीला नेलं, ती आलीच नाही. ज्यांची कॅसेट होती ते सैनिकांसाठी पाव भाजायला त्याच आवारात कोंडलेले होते. पहिल्या दिवशी त्यांनी तुला आपल्या बोलीत विचारलं होतं, "कुठली गो तू?" आणि तू, जी धरल्यापासून रडली नव्हतीस, ती पिठाच्या गोणीवर बसून रडलीस. ती दुसरी परत आली नाही त्यानंतर चार दिवसांनी त्यांनी तुम्हाला कोठीतली हळद आणून दिली. अंगाला चोळा, डोळ्यांच्या कडांना लावा, आणि पडून राहा. अधिकाऱ्याला त्यांनी हातवारे करून सांगितलं, कावीळ आहे, एकीची दुसरीला होते, तुमच्या माणसांना होईल. "सहाजणी पिवळ्याधमक बसलोय भिंतीला टेकून," मावशी म्हणाली, "आन् मला आलं हसू. मी बोलले, हळदी लागल्या गो, आता नवरे कुठं हायत? तर तुझी आय बोलते, हसू नको, घाम येईल, रंग जाईल. आन् तीच पहिली हसली." त्यानंतर तुमच्या खोलीत कोणी आलं नाही. जेवण दाराबाहेर ठेवलेलं असायचं. धुण्याच्या टोपल्या पण. रात्रीचा पाव ते स्वतः आणायचे आणि तू दाराशी बसून घ्यायचीस, इतर पाचजणी पाठ करून बसायच्या. तेवढंच होतं तुमचं. मावशी म्हणाली, "तेवढंच व्हतं, पण व्हतं."

मी विचारलं, कॅसेटमध्ये काय होतं ते तुला ठाऊक आहे का. ती म्हणाली, "निका नको, लगीन नको, नुसतं एका घरात म्हातारं होऊ, असं कायतरी सांगणार व्हता. मग नंतर मला मुंबईला भेटला तेव्हा बोलला, आली नाय. मला वाटलं, तुझ्यासाठी नाय गेली."

माझ्यासाठी. बघ, लोकांनी त्यातसुद्धा माझा मान राखला.

गेल्या रविवारी मी नदी ओलांडून त्यांच्याकडे गेले. बेकरी मुलगा चालवतो. ते बाहेर खुर्चीवर बसलेले, नजर अधू झालेली. मी जवळ गेले तशी म्हणाले, "नाकावरनं..." आणि थांबले. मुलाने खुर्ची आणली, चहा आणला, नानकटाई आणली. तू गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. त्यांनी विचारलं, "ऐकली व्हती ना तिनं? मग नाय आली ती तिची मर्जी. मी बोललोच व्हतो, राग नाय."

बारा वर्षं ते हे धरून होते. तेवढ्यावर थांबणं किती सोपं होतं. पण मी सांगितलं. तिने ऐकली नाही, मी पुसली, कोरी होती म्हणून खोटं बोलले, शेवटचं तेवढं वाक्य राहिलं आणि ती त्यावरून दर शुक्रवारी महाडच्या स्टँडवर बसायची.

"म्हाडच्या?" ते म्हणाले. "म्हाडला कशाला गो? म्हाडला तर सगळी वळखतात." आणि हसले. हसता हसता त्यांनी खुर्चीचा हात धरला. "मी पोलादपूरला व्हतो. तीन शुक्रवार. सुट्टी तेवढीच व्हती." मग म्हणाले, "हळद मला चार दिवस आधी सुचायला पायजे व्हती. ती एक तरी वाचली असती." मला वाटतं, त्यांना माझं बोलणं हलकं करायचं होतं, स्वतःचं शेजारी ठेवून. ते झालं नाही.

मी कॅसेट काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी बोटांनी वरची कड चाचपली. तिथे दोन छोटे प्लास्टिकचे कान असतात. ते मोडले की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. "बग, शाबूत ठेवले व्हते. उत्तर हिच्यावरच भरून पाठव, असं बोललो व्हतो तिला." मग विचारलं, "तुझं भाषण कशावर व्हतं?"

मी म्हटलं, शाळेचं होतं. विषय मी त्यांना सांगितला नाही, आई. बाकी सगळं सांगितलं, एवढं सांगवलं नाही. त्यांच्या घरात टेप आहे, कपाटावर, मी बघितला. आतापर्यंत त्यांनी ऐकलं असेल. निघताना मी त्यांच्या हातातून कॅसेट घेतली, घराच्या किल्लीने तिचे दोन्ही कान मोडले आणि ती परत त्यांच्याकडे दिली. देताना एवढंच म्हटलं, मी गेल्यावर लावा.